नव्या जहाजाच्या पहिल्या फेऱ्या : दर्यापूर तालुक्यातून मला विचारले जाणारे प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज ही माझी रोजची कामं. मागं आम्ही दोघं नवरा-बायको एका नव्या कोऱ्या क्रूझ जहाजाच्या चौथ्या फेरीवर सिंगापूरहून जाऊन आलो. माझा भाचा त्या जहाजावर हाऊसकीपिंगला आहे, त्याच्यामुळं नातेवाइकांच्या सवलतीत तिकीट मिळालं. आल्यापासून केंद्रावर येणारं प्रत्येक माणूस दाखला हातात पडायच्या आत जहाजाचं विचारतं. ज्या समुद्रावर आपला वऱ्हाडचा कापूस शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच जाऊन आला, तिथं आपल्या माणसांनीही जावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलं.

नवं जहाज म्हणजे नेमकं कोणतं?

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एक, कारखान्यातून नुकतंच बाहेर पडलेलं जहाज. दुसरं, आपल्याकडं नव्यानं आलेलं, पण आधी दुसरीकडं चाललेलं जहाज. मुंबईहून सुटणारी जहाजं आजवर बहुतेक दुसऱ्या प्रकारची आहेत. कॉर्डेलिया कंपनीनं सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून 'एम्प्रेस' सुरू केलं, ते जहाज मूळ 1990 चं. त्याच कंपनीनं पुढं घ्यायची ठरवलेली 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही जहाजं 1999 आणि 2001 ची. यात वाईट काही नाही. ट्रॅक्टर सेकंडहँड असला तरी नीट ठेवलेला असेल तर नांगरणी चांगलीच होते. पण दोन्हींच्या पहिल्या फेऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. जुन्या जहाजाचं यंत्र पारखलेलं असतं, नवीन असतात ती माणसं आणि मार्ग. कोऱ्या जहाजावर सगळंच नवीन. तिकीट काढताना जहाज कोणत्या सालचं हे आधी विचारा.

"ताई, पह्यल्याच फेरीत बुडलं तं?"

हा प्रश्न दहापैकी आठ जण विचारतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टायटॅनिकच असतं. ते जहाज 10 एप्रिल 1912 ला साउदॅम्प्टनहून पहिल्याच फेरीवर निघालं आणि 15 एप्रिलच्या पहाटे बुडालं, हे खरं. पण ते नवीन होतं म्हणून बुडालं नाही. हिमनगाचे इशारे मिळूनही ते वेगात चाललं होतं. माणसं एवढी मेली ती जीवनौका कमी पडल्या म्हणून. जहाजावर दोन हजार दोनशेच्या वर माणसं, आणि नौकांमध्ये जागा 1178 जणांची. त्या अपघातानंतरच 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला सोलास म्हणतात. आजच्या नियमांनी मोठ्या प्रवासी जहाजावर जितकी माणसं, तितक्यांना पुरून वर पाव हिस्सा उरेल इतकी जागा जीवनौका आणि तराफे मिळून ठेवावी लागते.

नवं जहाज प्रवासी घेण्याआधी कारखान्याचे लोक त्याला रिकामंच समुद्रात नेतात. पूर्ण वेगानं पळवतात, एकदम थांबवून बघतात, गर्रकन वळवतात. तपासणी संस्थांचे लोक बरोबर असतात. मग प्रमाणपत्रं मिळतात. त्यानंतरही बऱ्याच कंपन्या एक-दोन फेऱ्या फक्त कर्मचारी, त्यांचे घरचे आणि एजंट यांना घेऊन करतात. म्हणजे तुमची 'पहिली' फेरी ही त्या जहाजाची खरी पहिली नसतेच.

मग पहिल्या फेऱ्यांत धोका कशाचा?

तारखेचा. ही गोष्ट मला सगळ्यात ठासून सांगायची आहे, कारण आपल्याला बंदर सहाशे-साडेसहाशे किलोमीटर लांब आहे आणि मागं शेत उभं असतं. मुंबईच्या माणसाची फेरी पुढं गेली तर तो घरी बसून राहतो. आपलं तसं नाही.

जहाज बांधायला वर्षं लागतात आणि शेवटच्या महिन्यात काहीतरी अडतंच. मोठमोठ्या कंपन्यांचंही अडतं. 'सन प्रिन्सेस'ची पहिली फेरी 8 फेब्रुवारी 2024 ला ठरली होती, ती प्रत्यक्षात त्याच महिन्याच्या 28 तारखेला निघाली. सिंगापूरहून सुटायच्या 'डिस्ने ॲडव्हेंचर'ची तारीख 15 डिसेंबर 2025 होती, ती पुढं ढकलून 10 मार्च 2026 केली. 'एव्हरिमा' नावाचं छोटं महागडं जहाज 2020 ला यायचं होतं, ते आलं ऑक्टोबर 2022 मध्ये. उलट 'आयकॉन ऑफ द सीज' हे अडीच लाख टनांच्या जवळ जाणारं अवाढव्य जहाज 27 जानेवारी 2024 ला ठरल्या दिवशी मायामीहून निघालं. म्हणजे सगळ्यांचंच बिघडतं असं नाही, पण बिघडेल हे धरून चालायचं.

आमची फेरी अठरा दिवस पुढं गेली. जानेवारीच्या शेवटी जायचं म्हणून आम्ही कापसाची वेचणी उरकून, तूर घरात आणून बसलो होतो. संध्याकाळी ईमेल आला. नवी तारीख फेब्रुवारीच्या मध्यात, म्हणजे ऐन हरभरा सोंगायच्या वेळेला. जहाजाचे पैसे कंपनीनं नव्या तारखेला वळते केले. विमानाच्या तिकिटाचा बदल मात्र आम्हाला खिशातून भरावा लागला, कारण विमान आम्ही वेगळं काढलं होतं. आणि त्या विमान कंपनीचा माणूस फोनवर एकच वाक्य बोलत राहिला की जहाजाशी आमचा संबंध नाही. हरभरा शेवटी दिरानं हार्वेस्टर लावून काढला. भाऊबंद चांगले असले तर अशा वेळी ते उपयोगी पडतात, नाहीतर आम्ही गेलोच नसतो.

म्हणून माझं सांगणं असं. तिकिटाच्या अटींमध्ये 'तारीख, मार्ग, बंदर बदलण्याचा अधिकार कंपनीकडं' हे वाक्य असतंच, ते वाचून मगच पैसे भरा. विमान काढायचं तर बदल करता येणारं काढा, चार पैसे जास्त गेले तरी. प्रवास विमा घेताना जहाजाची फेरी रद्द झाली किंवा पुढं गेली तर तो काय देतो, हे एजंटाकडून लिहून घ्या. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळं त्यात फार आधीपासून पैसे अडकत नाहीत. आणि लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आजोबांची पंच्याहत्तरी असं एकदाच येणारं काही पहिल्या फेरीवर ठेवू नका.

जहाज तयार असतं की काम चालूच असतं?

दोन्ही. घरभरणी झाली तरी एखादी टाइल बसायची राहते, तसं समजा. आमच्या खोलीच्या आरशाला निळी प्लास्टिकची फिल्म तशीच होती, ती मीच सोलून काढली. कपाट उघडलं की फेव्हिकॉलसारखा उग्र वास यायचा. लिफ्टच्या आत पुठ्ठे लावलेले. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या मजल्यावर चार माणसं गुडघ्यावर बसून गालिच्याची पट्टी ठोकत होती, अंगात कारखान्याचे डगले. भाच्यानं सांगितलं की कारखान्याचे पुष्कळ कामगार पहिल्या काही फेऱ्यांत जहाजावरच राहतात आणि चालत्या जहाजात राहिलेली कामं उरकतात.

पण खरी अडचण लाकूड-लोखंडाची नव्हती. एकमेकांबरोबर कधी काम न केलेली माणसं एकत्र आली होती. भाच्याच्या हाताखाली फिलिपिन्सचा एक, इंडोनेशियाचे दोन, वरचा साहेब पूर्व युरोपातला. प्रत्येक जण आपापल्या कामात तयार, पण हे जहाज कोणालाच पाठ नाही. मी एका पोराला जेवणाचा हॉल विचारला तर त्यानं खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. आम्ही दोघांनी मिळून शोधला. पहिल्या रात्री जेवण यायला दीड तास लागला, तिसऱ्या रात्री चाळीस मिनिटं. माझ्या डोळ्यांदेखत ती माणसं एकमेकांना सरावली. कापसाच्या जिनिंगचा पहिला हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

फोनमधलं जहाजाचं ॲप दोन दिवस बंद होतं. एक नाटक रद्द झालं. एक घसरगुंडी दोरी लावून बंद ठेवलेली. गरम पाण्याच्या नळातून पहिल्या दिवशी गार पाणी आलं. तक्रार करायची तर शांतपणे, लगेच आणि लेखी करा. पहिल्या फेऱ्यांवर कंपनीचे मोठे अधिकारी वही घेऊन फिरत असतात. त्यांना हेच ऐकायचं असतं. आमच्या नळाचं काम दोन तासांत झालं.

मग जायचं कशाला? काय वेगळं मिळतं?

जहाज पहिल्यांदाच एखाद्या बंदरात शिरतं तेव्हा टग बोटी, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी, पाण्याचे उंच फवारे उडवून त्याचं स्वागत करतात. बंदराचे लोक आणि कॅप्टन एकमेकांना सन्मानचिन्ह देतात. आम्ही कठड्याला उभे होतो. फवाऱ्याचे तुषार वाऱ्यानं आमच्यापर्यंत आले आणि शेजारी उभी असलेली सगळी अनोळखी माणसं टाळ्या वाजवू लागली. जहाज सहा महिन्यांचं झालं की तो क्षण मिळत नाही.

आणि जहाजबांधणीच्या रिवाजांबद्दल तिथली माणसं भरभरून सांगतात. जहाजाची पहिली जोडणी होते तेव्हा बुडाशी किंवा पुढं डोलकाठीखाली नाणं ठेवतात. नाव ठेवताना बाटली फोडतात आणि एका बाईला जहाजाची धर्ममाता करतात. आपल्याकडं नौदलाचं जहाज पाण्यात सोडताना नारळ फोडतात, अथर्ववेदातले मंत्र म्हणतात. घराच्या पायात आपण नाणं टाकतो, तेच हे. हे ऐकून मला ते जहाज परकं वाटेना.

किती दिवसांनी गेलेलं बरं?

पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्यांनी दोन-तीन महिने थांबावं. ज्यांना गैरसोय चालते आणि तारीख हलवता येते, त्यांनी पहिल्या फेऱ्यांना जावं. नोकरदाराला रजा पुढं-मागं करता येत नसेल तर नकोच.

समुद्रात गोडं पाणी कुठून येतं?

आम्हा खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हा प्रश्न पडणारच. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत जमिनीतलं पाणी खारं. विहीर खणली तरी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. माझ्या माहेरी आई अजून स्वयंपाकाचं पाणी जारचं घेते. म्हणून मी भाच्याला पहिलं हेच विचारलं.

जहाज आपलं बरंचसं पाणी समुद्रातूनच तयार करतं. एक पद्धत म्हणजे इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं आणि वाफ थंड करून गोळा करायची. दुसरी आपल्या गावातल्या आरओसारखीच. दाब देऊन पाणी पडद्यातून गाळायचं, मीठ मागं राहतं. समुद्राचं पाणी आपल्या विहिरीपेक्षा कितीतरी खारं, त्यामुळं दाबही फार जास्त लागतो. थोडं पाणी बंदरातूनही भरून घेतात. मी नळाखाली पेला धरला आणि प्यायले. चव अगदी साधी, किंचित मिळमिळीत. खाली सगळीकडं खारं पाणी आणि हजारो माणसांच्या आंघोळी गोड्या पाण्यानं चाललेल्या. मला त्या वेळी आईची फार आठवण आली. तो नळ मी आधीपेक्षा घट्ट बंद केला.

जेवणाचं कसं? भाकरी मिळते का?

ज्वारीची भाकरी नाही मिळत. शाकाहारी भरपूर मिळतं, पण आधी कळवावं लागतं, तिकीट काढतानाच. उपवास असेल तर फळं, दूध, उकडलेला बटाटा यावर निभावतं. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. जवसाची चटणी आम्ही सीलबंद पाकिटात नेली, ती चालली. बंदरावर उतरताना जहाजावरचं खाणं बरोबर घेऊ नका, बऱ्याच देशांत दंड होतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

देशातल्या देशात, म्हणजे मुंबई-गोवा-कोची अशी फेरी असेल तर पासपोर्ट लागत नाही, आधारसारखं ओळखपत्र चालतं. दुसऱ्या देशात जाणार असाल तर पासपोर्ट हवा आणि परतीच्या तारखेनंतर तो किमान सहा महिने चालू हवा. जहाज ज्या ज्या देशात थांबणार, त्या प्रत्येकाचा व्हिसा लागतो का ते पाहा. जिथून निघता तिथंच परत येणार असाल तर त्या देशात तुम्ही दोनदा शिरता, हे लोक विसरतात. एकदाच शिरता येईल असा व्हिसा घेऊन बसतात.

पण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त अडतं ते नावावर, आणि तेही बायकांच्या. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर नवऱ्याचं, बँकेत 'बाई' लावलेलं, शाळेच्या दाखल्यावर वेगळंच. पासपोर्टवर जे नाव आणि आडनाव जसं आहे, अगदी तसंच जहाजाच्या तिकिटावर हवं. एका मावशींचं तिकीट त्यांच्या मुलानं 'आईचं हेच नाव' म्हणून लाडाच्या नावानं काढलं होतं. ते दुरुस्त करायला आम्हाला तीन आठवडे लागले. पहिल्या फेऱ्यांत कंपनीचं कॉल सेंटरही गोंधळलेलं असतं, नाव बदलायला वेळ लागतो. तेव्हा आधी आधार सरळ करा, मग पासपोर्ट, मग तिकीट. पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे, त्याहून जास्त कोणी मागितले तर कशाचे ते विचारा.

मळमळ होते का?

मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यानं डोलणं पुष्कळ कमी होतं. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथं हालचाल सगळ्यात कमी. पहिल्या फेऱ्यांचं बुकिंग करताना लोक उंचावरच्या बाल्कनीवर तुटून पडतात, मधल्या खोल्या मागं राहतात. तुमच्या पथ्यावर पडतं. एसटीत घेतो ती गोळी डॉक्टरांना विचारून न्या, ती त्रास व्हायच्या आधी घ्यायची असते आणि झोप आणते. डोकं गरगरलं तर डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडं बघा.

फोनला रेंज असते का?

किनारा सुटला की नाही. फोन विमानातल्यासारखा फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर तो जहाजाच्या उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल पाहून घाम फुटतो. वायफाय पैसे देऊन मिळतं.

सासूबाईंना, वयस्कर माणसांना न्यावं का?

न्यावं. फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग खोलीवर पोचायला नव्या जहाजात रात्र होते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. गरोदर बाईला चोविसावा आठवडा लागला की बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

आणि सुरक्षिततेची कवायत त्यांना आधी समजावून सांगा. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आपटलं, 32 माणसं गेली. त्याच्या आदल्याच बंदरावर चढलेल्यांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हा चोवीस तासांत केली तरी चालायची. आता नियम असा की जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच ती झालीच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आमच्या शेजारी एक पंजाबी आजी होत्या, त्यांच्या ओढणीवरून लाइफ जॅकेटचा पट्टा अडकत होता. कर्मचारी मुलगी खाली बसली, ओढणी बाजूला करून पट्टा ओवला आणि तीनदा त्यांच्याकडूनच सोडवून-बांधून घेतला. रांग थांबली होती, कोणी काही बोललं नाही. आपल्याकडच्या आज्यांनीही पदर खोचून हे एकदा घरी करून पाहावं.

"आमच्या पोराले नव्या जहाजावर नोकरी लागंल काय?"

लागू शकते, कारण नवं जहाज यायच्या आधी भरती मोठी होते. 'आयकॉन'सारख्या एका जहाजावर कर्मचारीच 2350. पण मुलगा चिकाटीचा हवा. आठ-नऊ महिने सलग, दिवसाला दहा-अकरा तास काम, सुटी नाही. माझा भाचा पहिल्या करारात दोनदा परत यायला निघाला होता.

लागतं काय? पासपोर्ट, सीडीसी नावाचं खलाशाचं पुस्तक, एसटीसीडब्ल्यूचे सुरक्षिततेचे छोटे कोर्स आणि वैद्यकीय तपासणी. भरती करणाऱ्या एजन्सीकडं डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा आरपीएसएल परवाना हवा, त्याचा नंबर डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासता येतो. माझ्या केंद्रावर येऊन तपासा, मी पैसे घेणार नाही. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटानं खलाशाकडून घेणं आंतरराष्ट्रीय नियमाला धरून नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलाच्या बापानं दोन एकर गहाण ठेवून एका एजंटाला पैसे दिले. हातात आला तो रंगीत प्रिंट काढलेला कागद, त्यावर जहाजाचा फोटो. तो कागद मी स्वतः पाहिला आहे. तसा कागद घेऊन कोणी आलं तर सही करायच्या आधी मला दाखवा.

मुंबईला कसं पोचावं, आणि परत?

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरजवळ इंदिरा डॉकमध्ये आहे. नव्या इमारतीचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 ला झालं. सीएसएमटीहून टॅक्सीनं थोडंच अंतर. बडनेरा किंवा अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस, अमरावती एक्सप्रेस रात्री धरली की सकाळी सीएसएमटी. पण त्याच दिवशीच्या जहाजावर भरवसा ठेवून निघू नका, एक दिवस आधी पोचा. गाडीनं जाणार असाल तर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण खुला आहे, कारंज्याहून चढता येतं.

परतीला जहाज सहसा सकाळी बंदराला लागतं आणि या गाड्या संध्याकाळी सुटतात. दिवसभराचा वेळ हातात राहतो. पहिल्या फेऱ्यांत जहाजातून उतरायलाच दुपार होऊ शकते, म्हणून दुपारची गाडी काढू नका. आम्ही उतरलो तेव्हा सामानाच्या ढिगात आमची बॅग शोधायला पाऊण तास गेला. बॅगेच्या मुठीला लाल-पिवळी लोकर बांधा, लांबून दिसते.